टेस्टोस्टेरॉन २१२ : एका रिपोर्टचं प्रकरण

रिपोर्टवर एकाच ओळीपुढे खाली तोंड केलेला बाण होता आणि ती ओळ कुणीतरी पेनाने दोनदा गोल केली होती. एकूण टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुष-हार्मोन, २१२ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर. त्याच कागदावर, दोन ओळी वर, एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १२४ होतं. त्याला ना बाण, ना गोल. छापील मर्यादेत १३० पर्यंतचा एलडीएल चालतो, त्यामुळे यंत्राने तो मुकाट्याने पुढे सोडला होता.

गृहस्थ ५३ वर्षांचे. (सांगून टाकतो : हा एकच माणूस नाही. मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात वारंवार भेटणाऱ्या तीन-चार जणांचे तपशील एकत्र करून हे प्रकरण लिहिलं आहे. ओळख पटू नये हा एक हेतू. दुसरा असा की ही गोष्ट खरोखरच इतक्या वेळा घडते.) टाइप २ मधुमेह नऊ वर्षांपासून. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू. वजन ९६ किलो, उंची १७० सेंटिमीटर, कमरेचा घेर ११२. रक्तदाब १४८/९२. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, ८.६ टक्के. ट्रायग्लिसराइड २६८, एचडीएल ३४. लघवीतून प्रथिनं जाऊ लागली होती, अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ७८. हिमोग्लोबिन १२.६.

तक्रारी त्यांनी ज्या क्रमाने सांगितल्या त्या क्रमाने देतो, कारण क्रमातही काही असतं. दिवसभर थकवा. कामात लक्ष लागत नाही. मग थोडं थांबून, टेबलाकडे बघत, "आणि डॉक्टर, ते... दीड वर्षापासून जमत नाही." ताठरता येत नव्हती, आली तरी टिकत नव्हती. इच्छाही कमी झाली होती, पण अगदी गेलेली नव्हती.

ते सल्ला घ्यायला आले नव्हते, होकार घ्यायला आले होते. दुसरीकडे त्यांना दर तीन महिन्यांनी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घ्यायला सांगितलं होतं, ती चिठ्ठी खिशात होती. सोबत एक वाक्यही मिळालं होतं : हा हार्मोन कमी असलेल्या मधुमेही पुरुषांना हृदयविकार जास्त होतो, तेव्हा तो भरून काढला की हृदयही सुरक्षित. "हे खरं आहे ना?" त्यांनी विचारलं.

वाक्याचा पहिला भाग खरा आहे. दुसरा भाग त्यातून आपोआप निघत नाही. या प्रकरणात मधल्या त्या 'तेव्हा'वरच सगळं अडलं होतं.

नमुना कधी घेतला?

मी आधी रिपोर्टच्या कोपऱ्यातली वेळ बघितली. संध्याकाळी ५ वाजून ४० मिनिटं. पोट भरलेलं. आणि त्याआधीच्या आठवड्यात पाच दिवस ताप येऊन गेलेला.

एका नमुन्यात तीन चुका. टेस्टोस्टेरॉन पहाटेपासून सकाळपर्यंत सर्वांत जास्त असतं आणि दिवस चढतो तसं उतरतं. तरुणांत हा उतार ठळक, वय वाढतं तसा सपाट होत जातो. पोटात साखर गेली की तात्पुरती घसरण होते, आणि ती चांगली चौथाई भरू शकते. ताप, शस्त्रक्रिया, कुठलंही तीव्र आजारपण आलं की मेंदू प्रजननाची यंत्रणा काही काळ मिटवून घेतो. म्हणून नियम असा की नमुना सकाळी, उपाशीपोटी, तब्येत ठीक असताना घ्यायचा आणि आकडा कमी आला तर वेगळ्या दिवशी पुन्हा मोजायचा. एका रिपोर्टवर निदान करायचं नाही.

मी तीन आठवडे थांबायला सांगितलं. ते नाराज झाले; चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. चिठ्ठी घडी घालून परत खिशात गेली.

पुढचे दोन नमुने सकाळी पावणेआठला, उपाशीपोटी, दोन आठवड्यांच्या अंतराने घेतले. २६८ आणि २८१.

आता गंमत बघा. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीच्या २०१८ च्या मार्गदर्शनात निरोगी, लठ्ठ नसलेल्या तरुण पुरुषांवरून काढलेली खालची मर्यादा २६४ आहे. त्याच वर्षी तिथल्याच मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने ३०० ची रेघ मारली. आमचे गृहस्थ दोन्ही रेघांच्या मधल्या पट्ट्यात. एका पुस्तकाप्रमाणे काठावर का होईना पण ठीक, दुसऱ्याप्रमाणे कमी. अशा वेळी एकूण आकड्याशी झटापट करत बसण्यात अर्थ नसतो. त्याच्या आत शिरावं लागतं.

एकूण आणि मुक्त

रक्तातलं टेस्टोस्टेरॉन बहुतेक सगळं प्रथिनांना बांधलेलं असतं. काही अल्ब्युमिनला सैलसर, काही एसएचबीजी नावाच्या वाहक प्रथिनाला घट्ट. अगदी मोकळं असतं ते जेमतेम १ ते ३ टक्के, आणि पेशींच्या उपयोगाला मुख्यतः तेच पडतं. एकूण टेस्टोस्टेरॉन म्हणजे बसमधले आणि स्टॉपवर उतरलेले सगळे प्रवासी मिळून मोजणं. बस छोटी झाली तर एकूण संख्या घटते. उतरणारे तेवढेच असू शकतात.

मधुमेहात नेमकी बस छोटी होते. एसएचबीजी यकृतात तयार होतं, आणि इन्सुलिनला दाद न देणारं, चरबी साठलेलं यकृत ते कमी बनवतं. या गृहस्थांचं एसएचबीजी १७ नॅनोमोल प्रति लिटर निघालं, म्हणजे चांगलंच खाली. दोन्ही नमुन्यांची सरासरी २७४, अल्ब्युमिन ४.३. हे आकडे नेहमीच्या सूत्रात घातले की मुक्त टेस्टोस्टेरॉन सुमारे ७४ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर येतं. युरोपातल्या मोठ्या अभ्यासात मुक्त हार्मोनसाठी जी कमतरतेची रेघ धरली गेली ती साधारण ६४ ची. म्हणजे भरपूर नाही, पण तुटवडाही नाही.

मुक्त टेस्टोस्टेरॉन सूत्राने काढलं, थेट मोजायला सांगितलं नाही, हे मुद्दाम नोंदवतो. थेट मोजण्याचे जे स्वस्त किट सर्रास वापरले जातात त्यांच्या आकड्यांवर माझा विश्वास नाही, आणि मार्गदर्शक तत्त्वांचाही नाही.

एलएच, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी वृषणांना ज्याने हुकूम देते तो हार्मोन, ४.१ होतं. वृषणं थकली असती तर पिट्यूटरी ग्रंथीने ओरडून एलएच वर नेलं असतं. ते मध्यावर शांत बसलं होतं. प्रोलॅक्टिन नॉर्मल, फेरिटिन नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. डोकेदुखी नाही, दृष्टीत फरक नाही. स्टेरॉइड किंवा अफूजन्य वेदनाशामक चालू नव्हतं. ग्रंथीत गाठ नाही, लोह साठलेलं नाही. राहतं काय? लठ्ठपणा आणि इन्सुलिन-प्रतिरोध यांच्याबरोबर येणारी, मेंदूच्या पातळीवरची मंदी. हिला कार्यात्मक कमतरता म्हणतात. यंत्र मोडलेलं नसतं, पण मंद गतीवर टाकलेलं असतं. टाइप २ मधुमेहाच्या पुरुषांत हे इतकं नेहमीचं आहे की २००४ साली अमेरिकेतल्या एका गटाने अशा रुग्णांचं मुक्त टेस्टोस्टेरॉन नीट मोजलं, तेव्हा सुमारे एक तृतीयांश जणांत ते कमी निघालं.

मग ताठरता का गेली?

इथे मी त्या गोल केलेल्या ओळीवरून नजर उचलायला सांगतो. माझ्या विद्यार्थ्यांनाही सांगतो, कारण सगळे तिथेच अडकतात.

ताठरता ही मुख्यतः रक्तवाहिन्यांची गोष्ट आहे. शिश्नाच्या धमन्या १ ते २ मिलिमीटर व्यासाच्या, हृदयाच्या ३ ते ४. आतलं अस्तर बिघडलं, थर साचू लागला, तर आधी कुठली नळी कमी पडेल? बऱ्याच पुरुषांत ताठरतेची तक्रार हृदयविकाराच्या लक्षणांआधी दोन ते पाच वर्षं येते. मधुमेहात तर आणखी एक पेच. मज्जातंतू बिघडल्यामुळे छातीत कळ न येताच हृदयाला रक्त कमी पडत राहतं. शरीर इशारा देतं, पण भलत्याच जागेवरून.

मी विचारलं, "जिने चढताना?"

"दम लागतो. वजनामुळे."

"किती मजल्यांनंतर थांबता?"

त्यांनी विचार केला. "दुसऱ्यावर. सहा महिन्यांपूर्वी चौथ्यापर्यंत जायचो न थांबता."

सहा महिन्यांत वजन वाढलं होतं का? नव्हतं. त्यांनीच मान हलवली आणि गप्प झाले. मला वाटतं, या प्रकरणाचं खरं निदान त्या दोन मिनिटांत झालं. पुढचं सगळं कागदावर आणणं होतं.

अजून एक प्रश्न विचारला : कोलेस्टेरॉलची गोळी? आठ महिन्यांपूर्वी बंद केली. का? "तिने पुरुषत्व कमी होतं म्हणतात." म्हणतात खरं. त्या गोळीने, म्हणजे स्टॅटिनने, टेस्टोस्टेरॉन किंचित खाली जातं, हे अभ्यासांत दिसलंय. पण ती घट इतकी लहान की आजार होण्याइतपत तिचं वजन नाही. आणि ज्या नळ्यांमुळे त्यांची खरी तक्रार होती, त्याच नळ्यांचं संरक्षण त्यांनी त्या तक्रारीपायी काढून घेतलं होतं.

ईसीजीत विशेष काही नव्हतं. ट्रेडमिल चाचणी दुसऱ्या टप्प्यातच थांबवावी लागली : दम आणि ईसीजीत खाली गेलेली एसटी रेषा, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडत असल्याची खूण. छातीत दुखलं? नाही. अँजिओग्राफीत डाव्या पुढच्या धमनीच्या मधल्या भागात सुमारे ७० टक्के अडथळा, उजव्या धमनीत ५० टक्के. मुख्य डावी धमनी साफ. हृदयाची पंपिंग क्षमता ५८ टक्के, म्हणजे उत्तम.

स्टेंट टाकावा की नाही यावर हृदयरोगतज्ज्ञांशी मोठी चर्चा झाली. शेवटी आधी औषधांचा पुरेपूर प्रयत्न करायचं ठरलं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या इस्केमिया चाचणीत, पाच हजारांहून अधिक स्थिर रुग्णांत, सुरुवातीलाच अँजिओग्राफी-स्टेंट-बायपासच्या वाटेने गेल्याने मृत्यू किंवा झटके एकंदरीत कमी झाले नव्हते. मुख्य डावी धमनी मोकळी, पंप चांगला, लक्षणं सौम्य : हे गृहस्थ त्या चौकटीत बसत होते.

'तेव्हा'चं काय करायचं

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. टेस्टोस्टेरॉन कमी असलेले मधुमेही पुरुष जास्त मरतात का? निरीक्षणांत होय. टाइप २ मधुमेहाच्या पुरुषांना सुमारे सहा वर्षं पाहिलेल्या एका ब्रिटिश अभ्यासात, जो २०१३ साली प्रसिद्ध झाला, कमी टेस्टोस्टेरॉन गटात १७ टक्के मृत्यू होते आणि सामान्य गटात ९. आकडा डोळ्यांत भरतो. पण पोटात चरबी, झोप वाईट, शुगर वर, मूत्रपिंड कमजोर, या सगळ्यांनी टेस्टोस्टेरॉन उतरतं आणि यांनीच हृदयही बिघडतं. तापमापकातला पारा खाली ढकलून ताप उतरत नाही, तसंच इथे उलट्या दिशेने. पारा वर चढवला म्हणून अंगात बळ येईलच असं नाही.

लैंगिक हार्मोन आणि हृदय या जोडीने वैद्यकाला एकदा चांगलाच धडा शिकवला आहे. पन्नाशीच्या आत बायकांना हृदयविकार पुरुषांपेक्षा कमी होतो, हे सर्वांनी पाहिलं होतं. मग कुणालाही सुचेल ते सुचलं : इस्ट्रोजेन वाचवत असणार. १९६० च्या दशकात अमेरिकेत कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट नावाची चाचणी सुरू झाली आणि झटका येऊन गेलेल्या पुरुषांना इस्ट्रोजेन देण्यात आलं. ५ मिलिग्रॅमचा गट १९७० मध्ये बंद करावा लागला, कारण नवे झटके आणि रक्ताच्या गुठळ्या वाढल्या. अडीच मिलिग्रॅमचा गट १९७३ मध्ये. निरीक्षण चूक नव्हतं. त्यावरून मारलेली उडी चूक होती.

टेस्टोस्टेरॉनबाबत बराच काळ उलटं घडलं, म्हणजे भीतीच जास्त होती. २०१० साली चालण्या-फिरण्यात अडचण असलेल्या वयस्कर पुरुषांवरची एक चाचणी मध्येच थांबवली गेली. २०९ जणांपैकी टेस्टोस्टेरॉन गटात हृदयाशी निगडित २३ घटना, प्लासिबो (दिसायला तसंच, पण औषध नसलेलं) गटात ५. चाचणी लहान होती, हृदयासाठी आखलेली नव्हती, पण घंटा वाजली. २०१५ मध्ये अमेरिकी औषध नियामकाने वेष्टनावर इशारा छापायला लावला आणि कंपन्यांना मोठी चाचणी करायला सांगितली. तिचं नाव ट्रॅव्हर्स, निकाल २०२३ मध्ये.

ही चाचणी इथे लांबून पाहून चालणार नाही, कारण आमचे गृहस्थ तिच्यात जवळपास जसेच्या तसे बसले असते. ४५ ते ८० वयाचे ५,२०० हून अधिक पुरुष, सर्वांना हृदयविकार किंवा त्याचा मोठा धोका, लक्षणं आणि दोनदा उपाशीपोटी ३०० च्या खालचं टेस्टोस्टेरॉन. साधारण ७० टक्के मधुमेही. निम्म्यांना टेस्टोस्टेरॉनचं जेल, निम्म्यांना दिसायला तसंच पण रिकामं जेल. सरासरी ३३ महिन्यांत हृदयविकाराने मृत्यू, झटका किंवा पक्षाघात यांपैकी काही झालं ते टेस्टोस्टेरॉन गटात ७.० टक्के जणांना, प्लासिबोत ७.३ टक्के. फरक नाही म्हटलं तरी चालेल.

यातून दोन लोक दोन गोष्टी ऐकतात. इंजेक्शन देणारा ऐकतो : सुरक्षित आहे. मी ऐकतो : हृदय वाचवत नाही. दोन्ही बरोबर. पण तळाशी अजून आकडे आहेत. हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आजार, एट्रियल फिब्रिलेशन, टेस्टोस्टेरॉन गटात ३.५ टक्के, प्लासिबोत २.४. फुप्फुसातली गुठळी ०.९ विरुद्ध ०.५. मूत्रपिंडाला अचानक इजा २.३ विरुद्ध १.५. हाडं मोडणं तर सगळ्यांच्या अंदाजाविरुद्ध वाढलं. शुगरवरही फरक नाही. मधुमेहींची साखर प्लासिबोपेक्षा जास्त सुधारली नाही. शिवाय साठ टक्क्यांहून अधिक लोकांनी औषध मध्येच सोडलं, त्यामुळे "पूर्ण डोस, वर्षानुवर्षं घेतला तर" या प्रश्नाचं उत्तर ती चाचणीही देत नाही. २०२५ मध्ये नियामकाने झटक्याबाबतचा जुना इशारा काढायला सांगितलं, आणि त्याच वेळी रक्तदाब वाढतो हा नवा घालायला लावला.

ऑस्ट्रेलियातल्या २०२१ च्या टी-फोर-डीएम चाचणीचा उल्लेख टाळला तर मी पक्षपाती ठरेन. मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे किंवा नुकताच मधुमेह कळलेले १,००७ पुरुष, सर्वांना आहार-व्यायामाचा कार्यक्रम, निम्म्यांना दोन वर्षं टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं. दोन वर्षांनी मधुमेह इंजेक्शन गटात १२ टक्के, प्लासिबो गटात २१. परिणाम खरा आहे. मात्र पाचातल्या एकाहून अधिक जणांचा हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) ५४ टक्क्यांच्या वर गेला, म्हणजे रक्त इतकं घट्ट की औषध थांबवायचा विचार करावा. आणि ते लोक नऊ वर्षं मधुमेह असलेले, दोन धमन्या अरुंद झालेले नव्हते.

आमच्या गृहस्थांना मी नाही म्हटलं. कायमचं नाही, आत्ता नाही. सकाळचे दोन्ही आकडे दोनशेच्या खाली असते, मुक्त टेस्टोस्टेरॉनही खाली असतं, तर मी हार्मोन दिला असता. हृदयासाठी नव्हे, लक्षणांसाठी, आणि पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीसाठीची रक्ततपासणी), हिमॅटोक्रिट बघत. हे त्यांना तसंच सांगितलं.

त्यांनी मग दुसरा कागद काढला. पोटाची चरबी पुरुष-हार्मोनचं स्त्री-हार्मोन बनवते, तर ते अडवणारी गोळी द्या. हा प्रश्न हल्ली फार येतो. चरबीत तो बदल होतो हे खरं, पण त्यावरून लठ्ठ मधुमेही पुरुष इस्ट्रोजेनमध्ये बुडालेला असतो असं नाही; टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्यांत मुक्त इस्ट्राडायोलही (मुख्य इस्ट्रोजेन) बहुधा कमीच सापडतं, कारण कच्चा मालच कमी. आणि पुरुषालाही ते लागतं. २०१३ मध्ये निरोगी पुरुषांवर केलेल्या एका नेटक्या प्रयोगात इस्ट्रोजेन अडवल्यावर अंगावरची चरबी वाढली आणि कामेच्छा घटली. हाडांचं नुकसान वेगळंच. ती गोळी नाही म्हणजे नाही.

माझ्याकडून राहिलेलं

तिसऱ्या भेटीत त्यांच्या पत्नी आल्या. आतापर्यंत बाहेर बसत. मी थकव्याबद्दल काहीतरी म्हणालो, तर त्या म्हणाल्या, "झोपच कुठे होते यांची? घोरतात, घोरता घोरता श्वासच थांबतो. मी हलवून उठवते."

मी पहिल्या दिवशी झोपेबद्दल विचारलंच नव्हतं. हार्मोनची गुंतागुंत उलगडण्यात रमलो होतो. रात्रीच्या तपासणीत तासाला ३४ वेळा श्वास अडखळत होता, म्हणजे तीव्र स्लीप ॲप्निया. हा आजार टेस्टोस्टेरॉन उतरवतो, रक्तदाब चढवतो, आणि उपचार न केलेला असताना टेस्टोस्टेरॉन देऊ नये, अशा यादीत तो आहे. पहिल्याच भेटीत मी होकार दिला असता तर?

आणि १२.६ हिमोग्लोबिन. टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या मधुमेही पुरुषात हिमोग्लोबिन थोडं कमी असतंच, म्हणून त्यावरूनही मी घाईने पुढे गेलो होतो. नऊ वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्याचं बी१२ बघायला हवं होतं. निघालं १६८, म्हणजे कमी. थकव्याची किमान तीन कारणं आता हातात होती आणि त्यांतलं एकही त्या गोल केलेल्या ओळीत नव्हतं.

उपचार

यादी लांब, थोडक्यात देतो. ॲस्पिरिन, ॲटॉरव्हॅस्टॅटिन ४० आणि सोबत एझेटिमाइब, एलडीएल ५५ च्या खाली आणायचं म्हणून, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, बी१२, रात्री झोपेत श्वासनलिका उघडी ठेवणारं सीपॅप यंत्र. ग्लिमेपिराइड हळूहळू बंद. त्याजागी एम्पाग्लिफ्लोझिन, ज्याने २०१५ च्या चाचणीत हृदयविकार असलेल्या मधुमेहींत हृदयाच्या कारणाने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी केले होते. शुगर आणि वजन उतरवणारं, आठवड्याचं सेमाग्लुटाइड इंजेक्शन, पण त्याआधी डोळ्यांचा पडदा तपासून, कारण शुगर झपाट्याने उतरली तर आधीच बिघडलेला पडदा आणखी बिघडू शकतो. चालणं, आणि हृदयरोगतज्ज्ञांनी परवानगी दिल्यावर वजनांचा व्यायाम.

एम्पाग्लिफ्लोझिन वर्गाची औषधं हिमॅटोक्रिट स्वतःच दोन-चार अंकांनी वाढवतात. टेस्टोस्टेरॉनही वाढवतं. दोन्ही एकत्र चालू असलेला पुरुष आता दवाखान्यात दिसू लागलाय, आणि त्याचं रक्त घट्ट झालं की दोष फक्त हार्मोनवर टाकला जातो. लक्षात ठेवण्यासारखं आहे.

ताठरतेसाठी सिल्डेनाफिल दिलं, पण ट्रेडमिल, अँजिओग्राफी आणि औषधं बसल्यानंतर, चौथ्या महिन्यात. त्याआधी फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : नायट्रेट नाही. छातीत दुखलं म्हणून जिभेखाली ठेवायच्या नायट्रेटच्या गोळीबरोबर सिल्डेनाफिल पोटात असेल तर रक्तदाब कोसळतो. हे पत्नीलाही सांगितलं. अशा वेळी गोळी शोधून देणारी तीच असते.

चौदा महिन्यांनंतर

वजन ८४. कमरेचा घेर ९९. एचबीए१सी ६.९. रक्तदाब १२६/७८. लघवीतलं अल्ब्युमिन ७८ वरून ३१. हिमॅटोक्रिट ३८.५ वरून ४४. चौथ्या मजल्यापर्यंत न थांबता.

सकाळचं टेस्टोस्टेरॉन ३५६. कुणी हार्मोन दिला नव्हता. त्यांना फार आनंद झाला आणि मला तो थोडा कमी करावा लागला : एसएचबीजी १७ वरून २६ झालं होतं, आणि सूत्राने मुक्त टेस्टोस्टेरॉन ७४ वरून जेमतेम ८२. एकूण आकड्यातली बरीचशी वाढ बस पुन्हा मोठी झाल्याची होती. इच्छा सुधारली होती. ताठरतेसाठी गोळी अजूनही लागत होती, आणि ती बहुधा लागेल. धमनीच्या भिंतीत वर्षानुवर्षं बसलेलं वर्षभरात निघत नाही.

निघताना त्यांनी रिपोर्टचं दुसरं पान पुढे केलं. एलडीएल ५१. त्यापुढे खाली तोंड केलेला बाण, आणि आता पेनाचा गोल त्यांचा स्वतःचा.

"डॉक्टर, हे फारच कमी झालंय ना? म्हणून परवापासून ती रात्रीची गोळी मी थांबवलीय."

मी खुर्ची पुढे ओढली आणि त्यांना पुन्हा बसायला सांगितलं.